घड्याळाच्या मागे नाव कोरलंय, मग भाव पडतो का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुनी चावीची घड्याळं गोळा करायचं वेड मला बारा-तेरा वर्षांपासून आहे आणि आता ओळखीतल्या सगळ्यांना ते माहीत झाल्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी फोटो पाठवतंच. समोरून घड्याळ झकास असतं, डायल स्वच्छ, काटे मूळचे, आणि मग दुसरा फोटो येतो झाकणाचा, त्यावर 'सप्रेम भेट'. खाली प्रश्न ठरलेला. तीच तीच उत्तरं टाईप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय.

मागे नाव आहे म्हणजे किंमत कमी होणार, बरोबर ना?

बहुतेक वेळा हो, थोडी होते. कारण सरळ आहे. शेजारणीचा डबा चार दिवस घरात राहिला तरी त्याच्या बुडाशी तिचं नाव दिसलं की आपल्याला उगाच चोरी केल्यासारखं वाटतं, तसंच अनोळखी माणसाच्या नावाचं घड्याळ मनगटावर बांधताना होतं. गिऱ्हाईक कमी झाली की भाव उतरतो, यात घड्याळाचा काही दोष नाही.

पण 'थोडी' म्हणजे किती हे घड्याळावर आहे. जे मॉडेल लाखांनी बनलं आणि आजही सहज मिळतं, त्यात घेणारा म्हणतो मला कोऱ्या पाठीचंच दे, आणि त्याला ते मिळतंही. जे घड्याळ वर्षातून एकदा बाजारात दिसतं त्याच्या पाठीवर कोणाची अख्खी पत्रिका कोरलेली असली तरी लोक घेतात. घन सोन्याचं असेल तर सोन्याच्या वजनाचा भाव खाली आहेच, त्याच्याखाली नाव काय नेणार. आणि एक लक्षात ठेवा, जुन्या घड्याळाची किंमत आधी डायलवर ठरते, मग केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची खोळ, किती घासली गेलीय त्यावर, मग मशीन मूळचं आहे का त्यावर. मागचं नाव या रांगेत बरंच मागे उभं आहे. डायल रंगवलेलं असताना नावाची चिंता करणारे लोक मी रोज बघतो.

मग ते पॉल न्यूमनचं रोलेक्स? त्याच्यावर तर बायकोने कोरून दिलं होतं.

हे उदाहरण प्रत्येक जण देतो, म्हणून नीट सांगतो. न्यूमन हॉलिवूडचा नट, आणि मोटार रेसिंगचा नाद. त्याची बायको जोअॅन वुडवर्ड हिने त्याला रोलेक्सचं डेटोना हे मॉडेल दिलं आणि मागे 'ड्राइव्ह केअरफुली मी' असं कोरून घेतलं, म्हणजे जपून चालव, तुझी मी. पुढे १९८४ मध्ये न्यूमनने ते मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकलं. २६ ऑक्टोबर २०१७ ला न्यूयॉर्कमध्ये फिलिप्स या लिलाव कंपनीच्या लिलावात ते १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं, आपल्या पैशात तेव्हा शंभर कोटींच्या पुढे. त्यानंतर २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याचंच दुसरं डेटोना आलं, त्यावर 'ड्राइव्ह स्लोली, जोअॅन', ते साधारण ५५ लाख डॉलरला गेलं.

नट मार्लन ब्रँडोचं तर आणखी मजेशीर. त्याच्या रोलेक्स जीएमटी मास्टरच्या झाकणावर त्याने स्वतःच्या हाताने 'एम. ब्रँडो' असं खरवडलेलं होतं, कुठल्या कारागिराचं सुबक काम वगैरे काही नाही, शाळेतल्या बाकावर पोरं कर्कटकाने नाव कोरतात तसलं. २०१९ मध्ये साडेएकोणीस लाख डॉलर. गायक एल्विस प्रेस्लीच्या ओमेगाच्या मागे त्याच्या रेकॉर्ड कंपनीने साडेसात कोटी रेकॉर्ड विकल्याबद्दल आणि १९६० च्या नाताळची तारीख असं कोरून दिलं होतं, ते २०१८ मध्ये जिनिव्हात १८ लाख स्विस फ्रँकला गेलं.

माझा आवडता किस्सा केनेडींचा. त्यांच्या मित्राने, ग्रँट स्टॉकडेलने, १९६० मध्ये निवडणुकीच्या आधीच ओमेगा देऊन मागे 'अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांस, मित्र ग्रँटकडून' अशा अर्थाचं कोरून टाकलं होतं. निवडून येतील की नाही याचा पत्ता नाही आणि हा अध्यक्ष लिहून मोकळा! केनेडी निवडून आले, शपथविधीला तेच घातलं, आणि २००५ मध्ये खुद्द ओमेगा कंपनीने साडेतीन लाख डॉलर देऊन ते आपल्या म्युझियमसाठी घेतलं.

आता यातून काय घ्यायचं तर हे की नावासोबत फोटो होते, घरच्यांची पत्रं होती, घड्याळ कोणाकडून कोणाकडे गेलं याची साखळी होती. नाव त्या साखळीतली एक कडी होती. नुसतं नाव असतं तर कोणी हिंग लावून विचारलं नसतं. मला चोर बाजारात एकाने फार मोठ्या उद्योगपतीची आद्याक्षरं कोरलेलं घड्याळ दाखवलं होतं आणि भाव सांगितला तो त्या उद्योगपतीलाच परवडला असता. कागद विचारला तर म्हणे, 'साहेब, कागद कशाला, नाव आहे की.'

आमच्या आजोबांचं एचएमटी आहे, मागे 'सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट' आणि फॅक्टरीचं नाव आहे. काही मिळेल?

विकायचं असेल तर त्या मॉडेलला जे मिळतं ते मिळेल, नावामुळे ना फार वर ना फार खाली. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगलोरला घड्याळं बनवायला घेतली आणि पुढची दोन-तीन दशकं मॅट्रिक, नोकरी, लग्न, रिटायरमेंट, सगळ्याला एकच भेट, एचएमटी. जावयाला लग्नात घड्याळ द्यायचं म्हणजे तेच. त्यामुळे नाव घातलेली एचएमटी इतकी आहेत की घेणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. जनता, पायलट, कोहिनूर, सोना यातलं कुठलं आहे आणि डायल मूळचं आहे का, एवढंच तो बघतो.

त्यातून तुम्हाला माहीत असेल की मुंबईत जुनी घड्याळं उचलून, डायलला भडक नवा रंग मारून, वर कंपनीचं नाव नव्याने छापून विकायचा मोठा धंदा आहे. बाहेरच्या देशातले कलेक्टर अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणूनच हाक मारतात, आणि ते कौतुकाने नाही. अशा बाजारात ज्या घड्याळाच्या मागे १९७४ ची तारीख आणि गिरणीचं नाव आहे आणि पुढचं डायल त्याच वयाचं, तसंच पिवळसर पडलंय, ते मला कोऱ्या पाठीच्या चकचकीत घड्याळापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. नाव म्हणजे जन्मदाखला नाही, पण निदान घरचं रेशनकार्ड तरी समजा.

ते भांड्यांच्या दुकानातल्या मशीनने घातलेलं नाव आहे, ठिपक्याठिपक्यांचं. ते पण एन्ग्रेव्हिंगच का?

हो, आणि आपल्याकडे बहुतेक तेच सापडतं! ते घर्रर्र करणारं हातातलं मशीन, ज्याने ताटावर 'वास्तुशांतीनिमित्त' घालतात, त्यानेच घड्याळाच्या झाकणावर पण घालायचे. दिसायला ते बरं दिसत नाही, ओळ तिरकी जाते, शेवटची अक्षरं जागा संपली म्हणून एकमेकांवर चढतात. सुंदर हाताने कोरलेल्या मोनोग्रामला जो मान मिळतो तो याला मिळत नाही, खरं आहे. पण खोली कमी असते, धातू फारसा गेलेला नसतो, त्यामुळे घड्याळाला इजा अशी नाही.

रेल्वेची, मिलिटरीची अक्षरं असतील तर?

तर गणित उलटं. इथे कोरलेलं असण्यालाच पैसे आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बारा कंपन्यांनी बनवलेली मनगटी घड्याळं आहेत, त्यांच्या मागे 'डब्ल्यू. डब्ल्यू. डब्ल्यू.' (वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ) आणि बाणाची खूण, ओमेगा, लाँजीन, सीमा, व्हर्टेक्स वगैरे. कलेक्टर लोक या बारा जणांना 'डर्टी डझन' म्हणतात आणि पूर्ण संच जमवण्यात आयुष्य घालवतात. 'जी. एस. टी. पी.' लिहिलेली सैन्याची पॉकेट वॉच आपल्या बाजारातही येतात. समुद्रात खोल काम करणाऱ्या कॉमेक्स कंपनीसाठीच्या रोलेक्सच्या झाकणावर नंबर असतो आणि त्या नंबरावर भाव कुठल्या कुठे जातो. एक नंबर खोडून खाली दुसरा घातलाय असंही सैन्याच्या घड्याळात दिसतं, म्हणजे ते एका दलाकडून दुसऱ्याकडे गेलं, त्याने घाबरायचं कारण नाही.

आपल्याकडे यातलं गोड प्रकरण म्हणजे रेल्वेची पॉकेट वॉच. 'जी. आय. पी.' (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) किंवा 'बी. बी. अँड सी. आय.' (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) आणि खाली नंबर. वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं तर आपल्याकडे रेल्वेवाल्यांच्या खिशात घरोघरी होती. मात्र जिथे अक्षरांना पैसे तिथे अक्षरं पाडणारे पण आलेच. एक साधी गोष्ट तपासा: या दोन्ही रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला गेल्या, जी.आय.पी.ची मध्य रेल्वे झाली आणि बी.बी.सी.आय.ची पश्चिम. घड्याळाचं मशीन त्याच्या नंतरचं असेल आणि मागे जी.आय.पी. असेल तर विकणाऱ्याला चहा पाजा आणि घरी या.

नाव पॉलिश करून काढून टाकू का? पाचशे रुपयांत होतं म्हणाला.

नका काढू. या अख्ख्या पानातलं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत फावर लुबा या स्विस कंपनीचं सी चीफ मॉडेलचं एक घड्याळ घेतलं होतं, मागे कोणाची तरी आद्याक्षरं आणि १२-५-६८. लग्नाची तारीख असणार, मे महिना म्हणजे दुसरं काय. मला वाटलं हे काढलं की घड्याळ 'क्लीन' होईल, म्हणून एकाकडे दिलं, नाव नाही घेत. त्याने बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरलं. आठ दिवसांनी घड्याळ आलं ते आरशासारखं चमकत, मी खूश. घरी येऊन ट्यूबलाईटखाली झाकण धरलं तर ट्यूबचं प्रतिबिंब मधेच वाकत होतं, म्हणजे जिथे अक्षरं होती तिथे घासून घासून खळगा पडलेला. कंपनीची मूळची गोल ओळ अर्धी पुसलेली. लगच्या, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या शिंगांच्या, कडा गोल झालेल्या, कारण झाकणासोबत बाकीची केस पण त्याने हौसेने घासली. आणि एवढं करून घड्याळ तिरकं केलं की शेवटच्या अक्षराचा एक पाय अजून दिसतोच. जितक्याला घेतलं त्याहून कमीत विकलं, आणि विकताना खरं सांगावं लागलं ते वेगळंच.

होतं काय, कोरणारा धातू खोदून काढतो. ती खाच नाहीशी करायची तर तेवढ्या खोलीपर्यंत आजूबाजूचा सगळा धातू खाली न्यावा लागतो. पातळ झाकण आणखी पातळ होतं, कधी नीट बसत नाही आणि मग पाणी, घाम आत. सोन्याचा मुलामा असलेल्यावर तर विचारूच नका, मुलामा जाऊन खालचं पितळ उघडं पडतं. जुन्या स्वस्त घड्याळांत केस क्रोम चढवलेल्या पितळेची आणि फक्त झाकण स्टीलचं असायचं, त्यात झाकण एक वेळ सोसेल, पण बफचं चाक कडेला लागलं की क्रोम गेलाच.

बाहेर लेझर वेल्डिंगने खाच भरून परत मूळ पातळीला आणतात, काम सुरेख होतं पण महाग, साध्या घड्याळाला परवडत नाही. आणि केलं तरी विकताना सांगायचं.

नाव असलेलं घड्याळ घेणारा कोणीतरी भेटतो. नाव खरवडलेलं घड्याळ बघितलं की पहिली शंका चोरीची येते.

मग झाकणच बदललं तर?

मूळ झाकण जपून ठेवणार असाल तर बदला. वापरायला कोरं लावा आणि विकताना दोन्ही द्या. पण मूळ फेकून दिलं तर गेलं, कारण अनेक कंपन्यांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मॉडेलचा नंबर असतो. पन्नास-साठच्या दशकातल्या रोलेक्समध्ये तिमाही आणि साल पण सापडतं, रोमन आकडा आणि पुढे ६२ असं काहीतरी. ते एक झाकण गेलं की घड्याळाची निम्मी ओळख गेली.

कोरलेलं खरंच जुनं आहे की परवाच घातलंय, कसं ओळखायचं?

घड्याळजी डोळ्याला लावतात ती दहापट भिंग घ्या, दोनशे-तीनशेला मिळते. आता झाकणावरचे ओरखडे बघा. पन्नास वर्षं मनगटावर घासलेल्या झाकणावर बारीक रेघांचं जाळं असतं. अक्षर जुनं असेल तर त्या रेघा अक्षराच्या कडांवरून जातात, कडा मऊ झालेल्या असतात आणि खाचेत काळा मळ बसलेला असतो. अक्षर नवीन असेल तर तेच रेघांना मधून कापतं, कडा बोटाच्या टोकाला टोचते आणि खाच आतून चकाकते. मळ भरता येतो, बूटपॉलिशने भरतात, त्यावर जाऊ नका. कडा बघा.

हाताने कोरलेल्या अक्षराची रेघ कुठे जाड कुठे बारीक होते, खाच इंग्रजी व्ही सारखी. लेझरचं काम सगळीकडे एका खोलीचं, उथळ, करपल्यासारखं काळपट. १९४५ च्या घड्याळावर लेझरचं अक्षर म्हणजे काय ते तुम्ही समजा.

आणि तारीख जुळवा. ब्रिटिश चांदीच्या, सोन्याच्या केसवर हॉलमार्कमध्ये वर्षाचं अक्षर असतं. केस १९२० ची आणि भेट दिल्याची तारीख १९१४, असं कसं होईल? उलटं चालतं, घड्याळ दुकानात चार-पाच वर्षं पडून मग विकलं जायचं.

झाकण उघडल्यावर आत सुईने खरवडलेले बारीक आकडे दिसले, कोणी खराब केलंय का?

नाही हो, ते घड्याळजींचं दप्तर आहे! दुरुस्ती केली की तारीख, नंबर किंवा स्वतःची खूण आत खरवडायची पद्धत जगभर आहे. माझ्याकडच्या एका वेस्ट एंडमध्ये अशा सात खुणा आहेत, तीन वेगवेगळ्या हातांच्या. किंमत कमी होत नाही. उलट घड्याळ वेळच्या वेळी साफ होत होतं हे कळतं.

पॉकेट वॉचवर कुठे कोरलेलं चालतं?

त्यात सोय आधीपासूनच असते. झाकणवाल्या पॉकेट वॉचमध्ये मागे दोन झाकणं, बाहेरचं आणि आतलं धुळीचं. 'अमुक साहेबांस कर्मचाऱ्यांकडून' असला लांब मजकूर बहुधा आतल्यावर असतो, बाहेरून कळतही नाही, भावाला धक्का जवळपास नाही. बाहेरच्या नक्षीत मधे एक कोरी ढालीसारखी जागा सोडलेली असते ती मोनोग्रामसाठीच, तिथे दोन-तीन गुंफलेली अक्षरं असतील तर तो दागिना समजतात.

आणि रिव्हर्सो?

वेगळी जात. भारतात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या काचा फुटायच्या म्हणून १९३१ मध्ये उलटं फिरवता येणारं घड्याळ निघालं, जेजर लकूल्त्र या स्विस कंपनीचं रिव्हर्सो. उलटवलं की कोरी पाठ वर येते. ती पाठ रिकामी बघून लोकांचे हात शिवशिवले नसते तरच नवल. मोनोग्राम, संस्थानांची चिन्हं, रंगीत मीन्याची चित्रं, सगळं आलं. जुन्या रिव्हर्सोवर त्या काळातलं चांगलं काम असेल तर लोक जास्त देतात.

विकताना फोटोत नाव झाकू का?

अजिबात नाही. झाकणाचा सरळ, तिरका, दोन्ही फोटो टाका आणि मजकूर शब्दशः लिहा. पूर्ण नाव आणि गाव असेल आणि घरच्यांना नको असेल तर आडनाव फोटोत धूसर करा, पण आहे हे लिहा. घरची गोष्ट माहीत असेल तर ती कागदावर लिहून सही करून द्या, जुना फोटो असेल ज्यात आजोबांच्या मनगटावर तेच घड्याळ आहे तर त्याची प्रत द्या. फुकट आहे आणि कामाला येतं.

घेताना नावाचा फायदा कसा उठवायचा?

वापरायला घेत असाल तर मुद्दाम नाववालं शोधा. मागची बाजू तुमच्या मनगटाकडे असते, कोणाला दिसणार आहे? विकणारा आधीच खजील असतो, त्यामुळे घासाघीस सोपी जाते. फक्त पुढे तुम्ही विकाल तेव्हा समोरचा पण हीच घासाघीस करणार, हे धरून चाला.

अमेरिकेतल्या मुलाला आजोबांचं पॉकेट वॉच पाठवायचंय, मागे १९११ आहे.

थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आणि तुमच्या घड्याळाने स्वतःचं वय पाठीवर लिहून ठेवलंय. पुरातत्त्व खात्याकडे दाखवून ते पुरावस्तू नसल्याचं सर्टिफिकेट मिळतं का बघा, मगच बॅगेत टाका.

मुलाला नवीन घड्याळ देतोय, नाव घालू का?

घाला की. विकायला देताय का? फक्त झाकणावर कंपनीचा मजकूर असेल तर त्याला न लागता, लहान अक्षरात, हाताने कोरणाऱ्याकडून, आणि झाकण सुटं करून द्या, अख्खं घड्याळ मशीनखाली देऊ नका. काचेचं झाकण असेल तर नादी लागू नका.

मेलेल्या माणसाच्या नावाचं घड्याळ घालावं का?

हा प्रश्न पुरुष खासगीत विचारतात आणि बायका सगळ्यांसमोर. मी घालतो. माझ्या रोजच्या घड्याळाच्या मागे 'चि. वसंतास, मॅट्रिक पास झाल्याबद्दल, दादा, जून १९६४' असं आहे. हा वसंत कोण, आहे का गेला, मला काही माहिती नाही, एका भंगारवाल्याच्या डब्यातून डायलवर तडा असलेलं घेतलं होतं. मागच्या वर्षी बँकेत लॉकरच्या रजिस्टरवर सही करताना पट्टा टोचत होता म्हणून काढून टेबलावर ठेवलं आणि तसाच बाहेर पडलो. शिपायाने उचलून उलटं केलं असणार. पायऱ्यांपर्यंत धावत आला, 'अहो वसंतराव, घड्याळ राहिलं!'

आणि मी वळलो पण.